पिकअपचा हौदा जड मालासाठी मजबूत करायचा आहे : पत्रा वाढवू की खालचे चॅनल?

द्राक्षमळा_तासगाव
नमस्कार मंडळी. गाडी १.७ टनी पिकअप, हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच फूट. माल मिश्र असतो. द्राक्षाचे क्रेट, बेदाण्याचे बॉक्स, सिमेंटची पोती, कधी मुरूम, आणि उन्हाळ्यात बागेसाठी १००० लिटरची पाण्याची टाकी. मूळ पत्रा २ मिमीच्या आसपास आहे. मागच्या निम्म्या भागात तो आडव्या चॅनलांच्या मधे खाली बसलाय, पाणी साचतं. एका आडव्या चॅनलला उभ्या रनरच्या (हौद्याखालची लांब तुळई, जी चॅसीवर टेकते) सांध्याशी बारीक तडा आहे.

मला जे पर्याय सांगितले गेले ते असे :
१. वरून ४ मिमी चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) टाकून वेल्डिंग करून घ्या.
२. मागे दोन-दोन पाटे (कमानीच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवा.
३. दोन्ही करा.

कुठल्या क्रमाने काय करावं, किती जाडीचं, किती वजनाचं? नेमकं सांगा.

मुरूमवाला
४ मिमी चेकर प्लेट. विषय संपला. खाली काय आहे ते बघायची गरजच पडत नाही.

चॅनलवाला
विषय संपला नाही, सुरू झालाय.

आधी वजनाचा हिशेब. लोखंडी पत्रा १ मिमी जाडीला दर चौरस मीटर ७.८५ किलो. तुमचा हौदा भरतो ४.६ चौरस मीटर. म्हणजे ३ मिमी साधा पत्रा १०८ किलो, ४ मिमी १४४ किलो. चेकरची नक्षी धरली की त्याहून थोडं जास्तच. हे वजन गाडीच्या एकूण परवानगीतून वजा होतं. हौदा कितीही दणकट केलात तरी आरसीवरचं एकूण वजन तेवढंच राहतं. ४ मिमी प्लेट टाकली की सिमेंटची तीन पोती कायमची घरी ठेवायची, प्रत्येक खेपेला.

आता झोल का येतो ते बघा. पत्रा दोन आडव्या चॅनलांच्या मधे वाकतो. पसरलेल्या वजनाखाली मधला झोल अंतराच्या चौथ्या घातात वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घातात कमी होतो. २ मिमीचा ३ मिमी केला तर झोल साधारण ३.४ पटीने कमी. तोच २ मिमी पत्रा ठेवून मधे एक चॅनल घातला, म्हणजे अंतर निम्मं केलं, तर झोल सोळाव्या हिश्श्यावर. आणि ७५ बाय ४० चा साडेपाच फुटी चॅनल भरतो जेमतेम १२ किलो.

म्हणून पहिला प्रश्न : तुमच्या आडव्या चॅनलांमधलं अंतर किती आणि उंची किती? टेप लावून सांगा.

द्राक्षमळा_तासगाव
मोजलं. एकूण सात आडवे, मधलं अंतर १८ इंच. चॅनल दुमडलेल्या पत्र्याचा आहे, उंची ६५ मिमी.

चॅनलवाला
मग ७५ चा बाजारू चॅनल तिथे बसायचा नाही, कारण नवा आडवा जुन्याच्याच उंचीचा लागतो. रनरच्या डोक्यापासून पत्र्याच्या पोटापर्यंत जी जागा आहे तेवढीच. नवा २ मिमी जरी उंच झाला तरी पत्रा त्याच्यावर टेकतो, शेजारचे दोन्ही मोकळे राहतात आणि सगळा भार त्या एकट्यावर येतो. २ मिमी कमी झाला तर तो नुसता शोभेला. मिरज किंवा कुपवाड एमआयडीसीत ब्रेक प्रेस (पत्रा दुमडायचं मशीन) असलेल्या वर्कशॉपमधून ४ मिमी पत्र्याचा ६५ उंचीचा सी दुमडून घ्या. कमी पडला तर रनरवर पट्टीची पॅकिंग देता येते, जास्त झाला तर काही करता येत नाही.

दुसरी गोष्ट, जी नेहमी चुकते. नवा आडवा दोन्ही उभ्या रनरवर टेकलाच पाहिजे. पत्र्याच्या पोटाला नुसता चिकटवलेला चॅनल भार चॅसीपर्यंत पोचवत नाही, तो पत्र्यालाच लटकतो. काम झाल्यावर खाली झोपून बघा, चॅनल आणि रनरमधून उजेड दिसता कामा नये.

सळई_सिमेंट
आडव्यासाठी ६० बाय ४० ची चौकोनी नळी, ३ मिमी? वजन मीटरला साडेचार किलोच्या आत, म्हणजे एक नग साडेसात किलो. पिळाला चॅनलपेक्षा कितीतरी चांगली.

चॅनलवाला
@सळई_सिमेंट, पिळाबद्दल एकदम मान्य. दोन अडचणी. नळी आतून गंजते आणि दिसत नाही, म्हणून दोन्ही टोकांना टोपी मारून पूर्ण बंद करावी लागते. आणि इथे ६५ हवेत, नळी ६० ची, म्हणजे ५ मिमी पट्टी रनरवर द्यावी लागेल. तेवढं केलं तर उत्तम पर्याय आहे. वेल्डरच्या हातात दोन्ही असतील तर मीही नळीच घेईन.

कमानपाटा
पाट्यांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. "मागे दोन-दोन पाटे वाढवा" हा सल्ला पहिल्यांदा बाजूला ठेवा.

पाटा वाढवला की गाडी बसत नाही, त्यामुळे वजन कमी आहे असं वाटतं. पण वजन तेवढंच असतं. ते अ‍ॅक्सलची नळी, बेअरिंग, हब आणि टायरवर जातंच. मागे सिंगल टायर असतील तर टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स वाचा. ११४ म्हणजे ११८० किलो, ११६ म्हणजे १२५०, ११८ म्हणजे १३२०, तेही पूर्ण हवेला. ११४ चे दोन टायर म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलला २३६० किलो, आणि यात गाडीचं मागचं स्वतःचं वजनही आलं. कितीही पाटे घातले तरी हा आकडा हलत नाही.

त्याहून मोठी गोष्ट ब्रेकची. ज्या गाड्यांना मागच्या ब्रेकला एलएसपीव्ही (भारानुसार ब्रेकचं प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह) असतो, त्याची दांडी चॅसी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर बघून ठरवते की गाडी भरलेली आहे की रिकामी. पाटे कडक केले की भरलेली गाडीही पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे आणि मागच्या ब्रेकला प्रेशर कमी सोडतो. मग उतारावर सगळा भार पुढच्या ब्रेकवर. पाट्याला हात लावला तर त्या दांडीचं सेटिंग कंपनीच्या वर्कशॉपमधून करून घेतलंच पाहिजे.

घाटरस्ता
@कमानपाटा हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. खंबाटकी असो, पसरणी असो की कुंभार्ली, पुढचे ब्रेक तापून पेडल मऊ पडायचं एक कारण हेच असतं, आणि लोक ब्रेक ऑइल बदलत बसतात.

मुरूमवाला
पाट्याचं पटलं. पण प्लेटचं माझं म्हणणं सोडत नाही. मुरूम, खडी, दगड जेसीबीच्या बकेटनं हौद्यात पडतो. तिथे पसरलेल्या वजनाचा हिशेब लागू नाही, तिथे ठोका असतो. २ मिमी पत्र्याखाली दर नऊ इंचावर चॅनल दिला तरी दगडाच्या टोकानं खळगा पडणारच. ठोक्याला जाडीच लागते.

चॅनलवाला
हे बरोबर आहे, आणि म्हणूनच माल कुठला ते आधी विचारायचं. पोती, क्रेट, टाकी यांना आडवे वाढवणं पुरतं. दगड-मुरूम रोजचा असेल तर ३ मिमी चेकर हवीच. ४ मिमी ठोक्यालाही पिकअपमध्ये जास्तच होते, कारण एवढ्या छोट्या गाडीत बकेट उंचावरून ओतायचीच नसते.

माणदेशी
मुरूमाचा विषय निघालाय तर मापाचं बोलू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. मोकळा मुरूम घनमीटरला १.६ ते १.७ टन धरा, एक ब्रास साडेचार टनांच्या पुढे. "अर्धा ब्रास टाक की" असं सहज म्हणतात, ते सव्वादोन टनांच्या वर होतं. १.७ टनी गाडीत कायद्यानं आणि लोखंडाच्या हिशेबानंही जातो तो जेमतेम ३५ घनफूट.

मूळ धागाकर्त्याच्या हौद्यात तो थर किती उंच येतो? मजबुतीकरणात १७५ किलो गेले असं धरू, राहिले १५२५. मुरूमाचा थर आठ इंच. ओली वाळू असेल तर सात इंच. तेवढाच. फाळक्याच्या आतल्या बाजूनं सात आणि आठ इंचावर पांढऱ्या ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवा. भरणाऱ्याला टन सांगून कळत नाही, रेघ कळते.

द्राक्षमळा_तासगाव
आठ इंच! हौद्याची बाजू दीड फुटाच्या आसपास आहे, ती निम्म्यापर्यंतही भरत नाही म्हणजे.

माणदेशी
हौद्याची उंची कडबा आणि क्रेटसाठी आहे, मुरूमासाठी नाही.

गोठा
थोडं अवांतर. म्हशी नेणाऱ्यांनी चेकर प्लेटवर भरवसा ठेवू नये. ओल्या शेणात नक्षी बुजते आणि जनावर घसरतं. वर रबरी मॅट किंवा आडव्या लाकडी पट्ट्या हव्यात, आणि त्या दर खेपेला उचलून धुवाव्यात.

सळई_सिमेंट
लाकडावरून आठवलं, बाभळीच्या एक इंची फळ्यांचा तळ अजून चांगला चालतो. आख्ख्या हौद्याला ९० किलोच्या आसपास जातो, म्हणजे ३ मिमी पत्र्यापेक्षा हलकाच, ठोका खातो आणि एक फळी फुटली तर तेवढीच बदलायची. पण कोरडी, मुरलेली बाभूळ पाहिजे. ओली घातली की दोन महिन्यांत फटी पडतात.

वारणाथडी
आमच्याकडं बाजूच्या पाखालाही फाळका म्हणतात, मागच्यालाही. तिकडं?

घाटरस्ता
कऱ्हाडकडं मागचा तो फाळका, बाजूचे ते पाखे. पण गॅरेजमध्ये सगळ्यालाच फाळका. चालतंय की. पिन तुटली की सगळे सारखेच पडतात.

चॅनलवाला
परत तड्याकडे येऊ, कारण या धाग्यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि कुणीच तिला हात लावला नाही.

आडव्याला रनरच्या सांध्याशी तडा जातो तो नुसत्या वजनानं नाही, पिळानं. शेताच्या वाटेवर एक चाक सरीत, दुसरं बांधावर, अशी गाडी गेली की चॅसी पिळते. ती पिळण्यासाठीच बनवलेली असते. हौदा मात्र पेटीसारखा ताठ. दोघांमधली बसवण ढिली झाली किंवा फार आवळली तर पीळ सांध्यात जमा होतो.

तडा आधी नीट बघा. चिखल धुवून सुकू द्या. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसते, तिच्या कडेला गंजाची बारीक भुकटी. ती रेघ दिसते तिथे तडा संपत नाही, पाऊण-एक सेंटीमीटर पुढे असतो. रंग खरवडून खरं टोक शोधा आणि त्या टोकाला ६ मिमीचं भोक पाडा. भोक न पाडता वरून वेल्डिंग केलं तर तडा टाक्याच्या पलीकडे जाऊन पुन्हा निघतो. मग ग्राइंडरनं व्ही पाडून भरा, आणि सांध्याला ५ मिमीचा त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला आधार देणारी पट्टी) द्या. गसेटचं आतलं टोक कापून गोल करा, तिथे वेल्ड एकावर एक यायला नको.

तडा आडव्यात आहे म्हणून हे चालतं. तडा चॅसीत असता तर यातलं काहीही करायचं नाही. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची.

कमानपाटा
+१. आणि चॅसीच्या वरच्या-खालच्या पाखाला (चॅनलच्या आडव्या कडेला, हौद्याच्या पाख्याला नव्हे) टाकासुद्धा मारायचा नाही, भोकही पाडायचं नाही. वाकण्याचा सगळा ताण त्या दोन पाखांतच असतो. टाक्याच्या कडेचं पोलाद तापून स्वभाव बदलतं आणि तिथूनच चीर सुरू होते. हौदा चॅसीला धरायचा तो मूळ ब्रॅकेटला नाहीतर यू बोल्टनं. यू बोल्ट आवळताना चॅसीचा चॅनल चेपू नये म्हणून आतून ठोकळा किंवा नळी द्या. लाकडाचा ठोकळा सायलेन्सरजवळ नको.

वेल्डिंग_कुपवाड
वेल्डिंगच्या बाजूनं चार गोष्टी.

बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायच्या, आधी निगेटिव्ह. नव्या गाडीत ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेटही काढलेला बरा. अर्थचा चिमटा वेल्डच्या वीतभर अंतरावर, हौद्याच्याच लोखंडाला. तो चाकाच्या ड्रमला किंवा पाट्याला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर ठिपके पडतात. महिन्याभरानं घुंघूं आवाज येतो आणि कारण सापडत नाही.

डिझेल टाकी जवळ असेल तर उतरवा. ब्रेकचे पाइप आणि वायरिंग ओल्या गोणपाटानं झाका. पाण्याची बादली आणि एक माणूस खाली.

पत्र्याला ६०१३ चा २.५ मिमी रॉड, ७० ते ८५ अँपिअर. चॅनल आणि गसेटला ३.१५ मिमी, १०० ते १२०. सीओटू मशीन (गॅस आणि वायरचं वेल्डिंग) असेल तर पत्रा कमी वाकतो.

सलग वेल्ड मारू नका, पत्रा ताणून पापडासारखा फुगतो. चॅनलच्या वरच्या रेषेत दर २०० मिमीवर पत्र्याला १२ मिमीचं भोक पाडून ते भरायचं. कडेनं दर १५० मिमीवर ३० मिमीचा टाका. सुरुवात मधून, मग एकदा पुढे, एकदा मागे.

खतपोती_इस्लामपूर
गंजाचं कुणी बोललं नाही. जुन्या पत्र्यावर नवी चेकर प्लेट ठोकली की मधल्या फटीत पाणी, युरिया, अमोनियम सल्फेट, सगळं जाऊन बसतं. वरून प्लेट नवी कोरी दिसते, खालचा पत्रा दोन पावसाळ्यांत चाळण. तपासायची खूण म्हणजे खालून छोट्या हातोडीनं वाजवा. धड पत्रा टणकन वाजतो. फुगलेला भद्द वाजतो आणि तोंडावर खपल्या पडतात, गॉगल घालून बघा.

जुना पत्रा झोल आलेला असेल तर कापून काढा आणि मगच नवा टाका. चॅनलच्या डोक्याला नवा पत्रा बसायच्या आधी प्रायमर मारा, नंतर तिथे ब्रश पोचत नाही. वेल्डनं जळालेला रंग खालून पुन्हा. कडेला सीलंट, आणि चार कोपऱ्यांत पाणी जायला भोकं. खत नेलं की त्याच दिवशी धुवा.

आरसीबुक
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचे मूळ तपशील बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. खराब पत्रा बदलणं, सांधा दुरुस्त करणं ही दुरुस्ती. हौद्याची लांबी किंवा बाजूची उंची वाढवणं हा फेरफार. तुमची गाडी एमएच १० असो, ११ असो की ५०, काम हाती घेण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या, रिकाम्या गाडीचं वजनही वाढणार आहे.

जादा भाराला कलम १९४. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो.

घाटरस्ता
टाकीचं राहिलं. १००० लिटर म्हणजे १००० किलो आणि टाकी, तेही मीटरभर गोलात. सरळ पत्र्यावर ठेवली तर दोन-तीन आडव्यांवरच बसते. खाली दोन लांब चॅनल किंवा ४ बाय ३ चे लाकडी वासे, निदान पाच आडव्यांवर टेकतील असे. टाकीचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे. व्हीलबेस ३.२ मीटर धरा. १५०० किलो माल अ‍ॅक्सलच्या २० सेंटीमीटर पुढे असेल तर ९४ किलो पुढच्या चाकांवर जातात. तोच ४० सेंटीमीटर मागे गेला तर पुढची चाकं १८७ किलोंनी हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर १६८७ येतात. स्टिअरिंग हलकं लागतं तेव्हा हेच झालेलं असतं.

अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, पाणी वळणावर आणि ब्रेकला धावतं. एक तर भरा, नाहीतर रिकामी आणा. पट्ट्याच्या कड्या पत्र्याला नाही, आडव्या चॅनलला आरपार बोल्टनं.

द्राक्षमळा_तासगाव
सगळ्यांचे आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून असं ठरवतोय, चुकत असेल तर सांगा. मागच्या चार गाळ्यांत (दोन आडव्यांमधल्या जागांत) ६५ उंचीचे चार नवे आडवे. जुना पत्रा मागून सहा फूट कापून ३ मिमी चेकर, पुढचे तीन फूट मूळ पत्रा तसाच. तड्याला भोक, व्ही, गसेट. टाकीखाली दोन लांब वासे. पाट्यांना हात नाही.

चॅनलवाला
बरोबर. सहा फुटांची चेकर ८० किलोच्या आत आणि चार आडवे मिळून चाळीसच्या आसपास. कापलेला जुना पत्रा वजा जाता निव्वळ वाढ ७० किलोच, १७५ नाही. तुमची मुरूमाची रेघ अर्धा इंच वर जाईल.

दोन दुरुस्त्या. पत्र्यांचा जोड बरोबर आडव्यावरच घ्या, अधांतरी नको. आणि हौद्याची पुढची, केबिनजवळची बसवण रबर किंवा स्प्रिंगवाली ठेवा, मागची घट्ट. पुढेही घट्ट आवळलीत तर गसेटच्या शेजारी नवा तडा येईल.

कमानपाटा
काम सुरू करायच्या आधी रिकामी गाडी काट्यावर घाला. एकदा पूर्ण, एकदा फक्त मागची चाकं. झाल्यावर पुन्हा तसंच. हौद्याचे यू बोल्ट पहिल्या भरल्या खेपेनंतर आवळा आणि ५०० किलोमीटरला परत. नटाच्या बाजूला खडूनं नाही, रंगानं खूण करा, फिरला तर लगेच दिसतो.

द्राक्षमळा_तासगाव
काटा उद्या सकाळीच करतो. टाकी उतरवून, डिझेल अर्धं ठेवून. दोन्ही पावत्यांचे आकडे इथेच टाकतो.